सदतीस अंशांवरचा प्लेग

आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक, सावित्रीबाई फुले, १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेली. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर मुलगा डॉ. यशवंत यांचा दवाखाना होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून सावित्रीबाईंनी तिथे आणलं आणि पुढे स्वतःच अंथरूण धरलं. हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यांचा जीव घेणाऱ्या जंतूविषयी मात्र कोणी बोलत नाही.

जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये येर्सँ या शास्त्रज्ञांना सापडला होता. हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत बनवलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्याच अंगात टोचून घेतली होती. पण उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे सिमों या डॉक्टरांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. तोवर घरात उंदीर मरून पडू लागले की गाव रानात राहायला जाई. उपाय बरोबर होता, कारण ठाऊक नव्हतं.

आता पिसवेच्या पोटात जाऊ. तिथलं तापमान बाहेरच्या हवेइतकंच, समजा पंचवीस अंश. एवढ्यावर जंतूची काही ठरावीक जनुकं चालू असतात आणि तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. त्याने पिसवेच्या घशाशी तुंबा होतो. प्यालेलं रक्त खाली उतरत नाही, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि जंतूसकट रक्त जखमेत ओकते. कडक उन्हाळ्यात हा तुंबा टिकत नाही, कोरड्या उष्ण हवेत पिसवाही लवकर मरतात. दख्खनचा प्लेग वैशाखाकडे ओसरायचा, त्यामागे हेही एक कारण.

माणसाच्या अंगात शिरताच जंतू सदतीस अंशांत येतो. चिकट थराची यंत्रणा बंद पडते, दुसरी जनुकं जागी होतात. त्यांतल्या एका मुख्य नियंत्रक प्रथिनाचा संदेश आरएनएच्या धाग्यावर आधीच लिहिलेला असतो, पण गारव्यात तो धागा घडी घातलेल्या चिठ्ठीसारखा मिटलेला राहतो. उबेने घडी सुटते, मजकूर वाचला जातो, प्रथिन बनतं. मग जंतूवर सूक्ष्म नळ्या उगवतात. आपल्या पांढऱ्या पेशीला चिकटून तो त्यांतून विषारी प्रथिनं थेट तिच्या आत सोडतो आणि तिला लुळी करतो. अंगाभोवती कवचही चढतं.

हे सगळं व्हायला काही तास लागतात. चावल्याबरोबर आलेले जंतू उघडेच असतात आणि पुष्कळसे तिथेच मारले जातात. पण काही पेशी जंतू गिळतात खऱ्या, त्यांना मारू शकत नाहीत. तिथे वाढलेले जंतू कवच घालूनच बाहेर पडतात. मग जांघेत नाहीतर काखेत गाठ उठते. याला जंतूची हुशारी म्हणायची रीत आहे, मला ती पटत नाही. त्याला मेंदू नाही. गारव्यात मिटणारा नि उबेत उलगडणारा रेणू आहे, बस्स.

सर्वांत घातक बदल त्याच्या बाह्य आवरणात होतो. आवरणातल्या एका स्निग्ध रेणूला गारव्यात सहा शेपट्या असतात, सदतीस अंशांवर बहुतेक चारच. आपली प्रतिकारशक्ती सहा शेपट्यांचा रेणू चटकन ओळखते, चारांचा तिच्या नजरेतून निसटतो. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्लेगच्या जंतूत दुसऱ्या जंतूचं एक जनुक घातलं, त्यामुळे सदतीस अंशांवरही सहा शेपट्या राहिल्या. बाकी नळ्या-कवच सारं जागच्या जागी. तरी प्रयोगशाळेतले उंदीर त्या जंतूने मेले नाहीत. नंतर त्यांना अस्सल प्लेगचा जंतू टोचला, तेव्हाही ते तगले.