पहिलं वर्ष: दाखला, खोली आणि फिजिक्स

(पांढरकवडा येथे बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मला फोनवर सांगितलं होतं की मुलांना प्रोत्साहनपर चार शब्द सांग. ते मला जमणार नाही. मी अजून कुठे पोहोचलेलीच नाही, अमरावतीत बीएस्सीचं पहिलं वर्ष आत्ता कुठे संपलंय. या वर्षात काय झालं तेवढं सांगते. आपल्या केळापूर तालुक्यातून बाहेर शिकायला गेलेल्यांपैकी काही जण दिवाळीला घरी येतात आणि परत जातच नाहीत. मीही जवळजवळ त्यातलीच होते.

दाखल्यापासून सुरू करते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलंय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या दाखल्यावर तेच असेल, घरी जाऊन बघा. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये मी 'ओपन' भरलं आणि मोकळी झाले. खरं तर आम्ही पिंजारी. आजोबा गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरून द्यायचे. महाराष्ट्रात ओबीसीची सवलत धर्मावर नाही, जातीवर आहे. पिंजारी, मन्सूरी, मोमीन, तांबोळी, बागवान अशा आपल्यातल्या अनेक जाती त्या यादीत आहेत. पण त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा जुना कागद.

आजोबा शाळेत गेलेच नव्हते. पण त्यांचे थोरले भाऊ दुसरीपर्यंत शिकले होते, आणि त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे 'पिंजारी' लिहिलेलं सापडलं. ते शोधायला काकांना चार महिने लागले. प्रमाणपत्र हातात आलं फेब्रुवारीत. तोवर त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेलेली होती.

हे एवढं लांबवून सांगतेय, कारण हा कागद नसेल तर पुढचं बरंच काही अडतं. वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिचं नावही मला जानेवारीत कळलं.

खोलीचं थोडक्यात सांगते. तीन घरं बघितली. दोन ठिकाणी बोलणं ठरत आलं, मग नाव विचारलं, मग "अहो, आत्ताच दुसऱ्यांना दिली." तिसऱ्या घरच्या आजींनी नाव ऐकून फक्त विचारलं, "पाणी सकाळी सहाला येतं, उठशील ना?" मी अजून तिथेच राहते. सहाला उठणं मात्र अजून जमत नाही.

आता वर्ग. माझी दहावीपर्यंतची शाळा मराठी. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी, पण सर शिकवायचे मराठीत. त्यामुळे मला वाटत होतं, आपल्याला इंग्रजी येतं. पहिल्या आठवड्यातच कळलं की शब्द येतात, वाक्य येत नाही. गणित सुटायचं, पण "कारण लिहा" आलं की पेन थांबायचं. शंका विचारायला हात वर करायचा तर आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत मॅडम पुढच्या पानावर गेलेल्या असायच्या.

पहिल्या सत्रात फिजिक्सचा पेपर राहिला. शाळेत कायम पहिल्या तीनात असायचे, त्यामुळे 'नापास' या शब्दाशी काय करायचं तेच कळेना. घरी अकरा दिवस सांगितलं नाही. अम्मी फोनवर विचारायची, "रिझल्ट लागला का?" मी म्हणायचे, नेट चालत नाही. खोटं बोलायची सवय नव्हती, जेवण जाईना. शेवटी सामान बांधलं आणि एसटीत बसले. यवतमाळला गाडी बदलून पांढरकवड्याला पोचेपर्यंत मनाशी ठरवून टाकलं होतं की आता परत जायचं नाही.

अब्बांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पेपर फिर देना पडता ना? तो फिर दे." बस, एवढंच. अकरा दिवस मी ज्या बोलण्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

सगळ्यांच्या घरी असं होत नाही, हे मला माहीत आहे. आमच्याच घरात दुसरी गोष्ट निघाली. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे. ठरलेले क्रेडिट आणि वर एक कौशल्याचा कोर्स केला की सर्टिफिकेट मिळतं. एका नातेवाईक बाईंनी ते कुठेतरी ऐकलं आणि अम्मीला म्हणाल्या, "एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं ना, मग मुलीला तीन-चार वर्षं कशाला?" अडचणीत सापडलेल्याला काहीतरी हातात मिळावं म्हणून ठेवलेला तो दरवाजा, आपल्या मुलींना बाहेर काढायला सोयीचा होऊन बसेल, याची मला खरी भीती वाटते. माझ्याबरोबरच्या दोघींचं स्थळ बघणं सुरू झालंय.

मी परत गेले. धारणीची एक मैत्रीण आहे, तिच्या घरी कोरकू बोलतात. मराठी तिची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. तिचाही तोच पेपर राहिला होता. आम्ही रोज ग्रंथालयात बसून एक-एक धडा आधी मराठीत एकमेकींना समजावला, मग इंग्रजीत लिहून काढला. तिची वाक्यं माझ्यापेक्षा नीट असतात. एके दिवशी वर्गात हात वर केला आणि सरळ विचारलं, "मॅडम, मराठीत विचारू का?" मॅडम म्हणाल्या, "विचार की." मागच्या बाकांवरून आणखी तीन हात वर आले. सगळ्या वर्षातला माझा सगळ्यात चांगला दिवस तोच.

एक पेपर राहिला म्हणून वर्ष बुडत नाही, हेही मला उशिराच कळलं. बाकीच्या विषयांचे क्रेडिट खात्यावर तसेच राहतात, राहिलेला तेवढा पेपर परत द्यायचा. मी दिला. सुटला, काठावर.

मी रविवारपर्यंत इथे आहे. ज्यांच्या दाखल्यावर फक्त 'मुसलमान' आहे त्यांनी आजोबांचे, आजोबांच्या भावांचे जे काही जुने कागद घरात असतील ते उद्या घेऊन या. शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, काहीही. काका पण येणार आहेत. त्यांना आता जुनी अक्षरं माझ्यापेक्षा चांगली लागतात.