डायलिसिसनं माणूस काळं पडतं का?

मी डायलिसिस विभागात सिस्टर आहे. एक प्रश्न बायका डॉक्टरांना विचारत नाहीत, सुई काढताना मला हळूच विचारतात, "सिस्टर, ह्या मशीननं मी काळी पडले का हो?"

माण तालुक्यातल्या एक मावशी दोन वर्षं नेमानं यायच्या. भावकीतल्या लग्नात कुणीतरी म्हणालं, "किती करपलीस गं, वळखू येईना." मावशींनी पुढच्या दोन खेपा चुकवल्या. तिसऱ्यांदा आणलं ते अंगावर सूज, दम लागलेला. एका वाक्यापायी जीवावर बेतलं होतं.

मैत्रिणींनो, मशीन काळं करत नाही. किडनी थकली की रक्तातली घाण साठून राहते. त्यामुळं कातडीत रंग देणारं द्रव्य जास्त तयार होतं. ऊन लागतं ती जागा आधी काळवंडते, म्हणजे तोंड, मान, हात. वर रक्त कमी असतं, म्हणून पिवळट झाकही येते. निरोगी किडनी रात्रंदिवस चालते. मशीन चालतं आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तास. त्यातही "आज तीनच तास करा, एसटी चुकंल" म्हणणारे आहेतच. मग घाण कशी निघायची, तुम्हीच हिशेब करा.

सारखं रक्त चढवावं लागलं तर अंगात लोह साठूनही रंग बदलतो. म्हणून रक्त वाढवायचं इंजेक्शन सांगितलं असेल तर चुकवू नका.

आता खाज. बरेच डाग खाजवून पडलेले असतात. कातडी कोरडी पडते, फॉस्फरस वाढतो, माणूस रात्रभर खाजवत बसतं. कोमट पाण्यानं आंघोळ करा, अंग घासू नका. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. फक्त डायलिसिसला येताना सुईच्या जागी तेल नको, तो हात साबणानं धुऊन या. नखं कापलेली ठेवा. फॉस्फरसची गोळी जेवताना घ्यायची असते, नंतर आठवण झाली म्हणून घेतली तर उपयोग होत नाही. आपल्या माण-खटाव, जत-आटपाडीच्या उन्हात बाहेर पडताना पूर्ण बाह्या, डोक्यावर पदर, जमलं तर छत्री. एवढं महिनाभर करून बघा.

लिंबू चोळू नका, आग होते. सांगलीची हळद कितीही चांगली असली तरी ह्या कातडीवर तिचा लेप नुसता पिवळेपणा वाढवतो.

आणि गोऱ्या करणाऱ्या क्रीमपासून लांब राहा. 2023 साली अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना अशा क्रीमनं इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात उपचार झाले, तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. डायलिसिसवर असूनही ज्यांना थोडी लघवी होते, त्यांची तेवढी उरलेली किडनी फार मोलाची. पारा तिच्यावरच घाला घालतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणलेली स्टेरॉइडची क्रीमही नको, कातडी पातळ होते.

खोटं सांगत नाही, रंग पहिल्यासारखा होईलच असं नाही. किडनी बदलल्यावर बऱ्याच जणांचा उजळतो. पण मांडीवर, पोटावर खूप दुखणारा जांभळा-काळा चट्टा आला, हातावर फोड आले, किंवा सुईच्या हाताची कातडी लाल, चकचकीत झाली, तर पुढच्या खेपेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

मावशी आता खेप चुकवत नाहीत. रंग आहे तसाच आहे, पण खाज कमी झाली, झोप लागते. परवा मलाच म्हणाल्या, "वळखू येईना म्हणणारीला मीच वळख दिली न्हाई."

डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो. कातडीच्या डॉक्टरांकडे, मग ते मिरज-सांगलीच्या सरकारी दवाखान्यात असोत की साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये, जाताना डायलिसिसची फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. किडनीचं दुखणं आहे हे सांगितल्याशिवाय कुठलंच औषध लिहून घेऊ नका.