पहिल्या मंडळीतल्या विधवा आणि आपण



गेल्या नाताळाआधी आमच्या महिला मंडळात साड्यांच्या वाटपावरून बोलाचाली झाली. ऊसतोडीला गेलेल्या दोन विधवा बहिणींची नावं यादीतून राहून गेली होती. एका तरुण बहिणीनं ते बैठकीत बोलून दाखवलं, तर आम्हीच तिला गप्प केलं. देवाच्या कामात कुरकूर कशाला, असं म्हणालो. ती नंतर यायचीच बंद झाली. हळूहळू इतर बायकाही कमी झाल्या, आणि 'आता पहिल्यासारखी मंडळी राहिली नाही' हे आमचं रडगाणं सुरू झालं.

मग ठरवलं, अगदी पहिली मंडळी कशी होती ते तरी वाचू. प्रेषितांची कृत्ये उघडली. सहाव्या अध्यायात काय सापडावं? कुरकूर! तीही विधवांच्या वाटपावरूनच. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवा रोजच्या अन्नवाटपात मागे राहत होत्या. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच, सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटप सोपवलं असावं. हे वाचताना आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं, खरं सांगतो.

नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा भेटते. ती वारली तेव्हा विधवांनी पेत्राला तिचे गुण सांगत बसण्यापेक्षा तिनं शिवलेले कपडे रडत रडत दाखवले. शिवणकाम करणाऱ्या बाईला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

हे पुढेही चालू राहिलं. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस यानं एका पत्रात लिहिलं, की तिथली मंडळी पंधराशेहून जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळते.

पण आमच्या मनात घर केलं ते सिर्टा गावानं. आज ते अल्जीरियात आहे, कॉन्स्टंटीन नावानं. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनच्या हुकमानं छळ सुरू झाला. ख्रिस्ती लोक जमत त्या घरावर अधिकारी आले आणि जप्तीची यादी केली. चांदीसोन्याचे पेले होते, दिवे होते. आणि पुढे काय? बायकांचे ८२ झगे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ झगे, पुरुषांचे १३ जोड पायताण आणि बायकांचे ४७ जोड. पुस्तकांची कपाटं मात्र रिकामी निघाली! कपडे गरिबांना द्यायला ठेवले असणार. पकडले जाण्याची भीती डोक्यावर असताना कोणीतरी ते शिवत, जमवत, घड्या घालून ठेवत होतं. त्या बायकांचं एकही नाव त्या यादीत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही चौघी त्या बहिणीच्या घरी गेलो. ती पीठ मळत होती. आम्ही चुकलो, असं सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा टाकला. मग हात पुसत विचारलं, "यादी आणलीत का?"

आणली नव्हती. तिनंच मुलाची वही घेतली आणि पहिल्या ओळीवर ती दोन नावं लिहिली.