इसबाची नोंदवही



आम्ही वधूवरांची सूची नेमाने छापली. इसब मात्र विवाह मोडेल या भीतीने लपविला. वस्तुतः हा विकार स्पर्शाने पसरत नाही. त्वचेचे आवरण राखणाऱ्या फिलाग्रिन प्रथिनाच्या जनुकातील दोषाशी त्याचा संबंध डंडी विद्यापीठातील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविला. तथापि तो दोष नसणाऱ्यांसही इसब होतोच. म्हणून आरंभीचे वय, ऋतू, घरातील दमा, उपचार व त्यांचा गुण वर्षानुवर्षे टिपावयास हवा.

अशी नोंदवही आम्ही संगणकावर आरंभीत आहोत. संमतीवाचून नोंद होणार नाही. तीत नावाऐवजी क्रमांक राहील. नावांची यादी डॉक्टरांपाशी कुलपात राहील. विवाहसमितीस ती कदापि दाखविली जाणार नाही, हे आमचे वचन. आपण निःसंकोच पुढे यावे, ही विनंती.