चढाई एकीची, डाव सातजणींचा

(कुरुळी, ता. खेड, जि. पुणे येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यक्तीचे कर्तृत्व मोठे की समूहाची जबाबदारी मोठी, हा वाद चळवळीइतकाच जुना आहे. त्याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात आणि दोन्ही अपुरी असतात. एक उत्तर कर्तबगार व्यक्तीला देव्हाऱ्यात बसवते आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवण्याचे काम देते. दुसरे उत्तर सर्वांना एका मापाने मोजते आणि कर्तबगारीलाच संशयाने पाहते. पहिल्यातून व्यक्तिपूजा निपजते, दुसऱ्यातून सुमारपणा. या दोहोंपलीकडचे उत्तर शोधायचे असेल तर ग्रंथांइतकाच मैदानाचाही उपयोग आहे. त्यातही महिला कबड्डीचा विशेष उपयोग आहे, कारण व्यक्ती आणि समूह यांचा हिशेब या खेळाने उपदेशावर न सोडता थेट नियमांतच घालून ठेवला आहे.

महिलांच्या कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद असते. एका बाजूस सातजणी. त्यांतील एकजण तीस सेकंदांच्या दमात प्रतिपक्षाच्या अंगणात एकटीच शिरते. प्रेक्षकांची नजर तिच्यावर, वार्ताहराची लेखणी तिच्यावर आणि दुसऱ्या दिवशीचे छायाचित्रही बहुधा तिचेच. खेळात तारका निर्माण होते ती या चढाईतून. परंतु ती पकडली गेली की मैदानाबाहेर जाऊन बसते, आणि तेथे तिचे सारे कर्तृत्व निरुपयोगी ठरते. तिच्या संघाने प्रतिपक्षाची एखादी खेळाडू बाद केली तरच तिला परत येता येते. म्हणजे सर्वांत नावाजलेल्या चढाईपटूचे पुनरागमन डाव्या कोपऱ्यात गुडघा वाकवून उभ्या असलेल्या, नाव फारसे कुणाला ठाऊक नसलेल्या मुलीच्या पकडीवर अवलंबून असते.

नियम येथेच थांबत नाही. ज्या क्रमाने खेळाडू बाद होतात त्याच क्रमाने त्या जिवंत होतात. तारका शेवटी बाद झाली असेल तर तिलाही रांगेत शेवटीच बसावे लागते. वशिल्याने पुढे घुसता येत नाही. बोनस रेषा ओलांडून चढाईपटू जो गुण आणते तो गुणफलकावर चढतो खरा, पण त्या गुणाने बाहेर बसलेली एकही सहकारी जिवंत होत नाही. व्यक्तीच्या चापल्याचा मान नियमाने राखला आहे. मात्र संघाला माणसे परत मिळतात ती प्रतिपक्षाशी प्रत्यक्ष झोंबण्यातूनच. दुसऱ्या बाजूने, बचावास तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरल्या असताना त्यांनी पकड साधली तर एक गुण अधिक मिळतो. दुबळ्या झालेल्या बाजूच्या सामुदायिक पराक्रमाला जास्त मोल देणारा असा नियम बाजाराच्या व्यवहारात क्वचितच आढळेल.

हे आपोआप घडलेले नाही. हुतुतूचे जुने प्रकार तीन होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला खेळाडू सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर प्रकारात बाद झालेला मैदानातच राही आणि प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. पहिल्यात चुकीला क्षमा नाही, दुसऱ्यात चुकीची झळ नाही. आजच्या कबड्डीने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले. चूक करणाऱ्याला किंमत मोजावी लागते, पण त्याला परत आणण्याची जबाबदारी उरलेल्यांची असते. संघटनेच्या दृष्टीने याहून शहाणा नियम सुचवणे कठीण आहे.

आता अर्थशास्त्राकडे वळू. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेम्सेट्झ यांनी १९७२ साली सामूहिक उत्पादनाची एक अडचण मांडली. अनेकांनी मिळून केलेल्या कामात प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून मोजता येत नाही, आणि म्हणून अंगचोरीला वाव मिळतो. त्यांचा निष्कर्ष असा की देखरेख करणारा हवा आणि उरलेल्या नफ्यावर हक्कही त्याचा हवा. अडचण खरी आहे; उपाय मात्र एकमेव नाही. चढाईपटूचे पाऊल कोपरारक्षक मुलीने अडवले, मध्यरक्षक मुलीने तिला ढकलले, साखळीतील तिसरीने परतीची वाट बंद केली, तर ही पकड कुणाची? गुणपत्रिकेत एकीचे नाव लागेल. पण साखळीतला हात कुणी सोडला, हे सातहीजणींना त्याच क्षणी कळते. ही परस्परांची देखरेख नफ्याच्या हक्कावाचून चालते, कारण हात सोडणाऱ्याची झळ प्रत्येकीला लागते.

शेरविन रोझेन यांनी १९८१ साली तारांकितांच्या मिळकतीचे गणित मांडले. गुणवत्तेतील थोडासा फरक, प्रेक्षकसमूह प्रचंड असेल तर, मिळकतीत अफाट फरक घडवतो. दूरचित्रवाणीच्या युगात हे पदोपदी दिसते. परंतु किंमत मोठी म्हणून संघ मोठा, असे होत नाही. पुरुषांच्या प्रो कबड्डीत २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. तोवरची ती सर्वाधिक बोली होती. त्याने स्वतः गुणही भरपूर मिळविले. पण त्या हंगामातील २२ सामन्यांपैकी संघाने जिंकले केवळ दोन आणि तो तळाशी राहिला. दोष त्या खेळाडूचा म्हणता येणार नाही. एका खांद्यावर साऱ्या घराचे आढे ठेवले की खांदा कितीही मजबूत असला तरी घर खचते.

याच्या उलट उदाहरण महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सापडते. अमेरिकेतील इंडियाना फीव्हर या संघात २०२४ साली केटलिन क्लार्क आली आणि त्या खेळाचा प्रेक्षकवर्ग एकाएकी वाढला. २०२५ च्या हंगामात दुखापतींमुळे तिला ४४ पैकी १३ सामनेच खेळता आले. तिच्यामागून आणखी काहीजणी जायबंदी झाल्या. संघ कोसळेल असे भाकीत सोपे होते. परंतु जुलैमध्ये तिच्यावाचून या संघाने मिनेसोटाला ७४-५९ असे हरवून एक चषक जिंकला. पुढे तो उपान्त्य फेरीत पोहोचला, आणि लास व्हेगासविरुद्धची पाच सामन्यांची ती लढत निर्णायक सामन्याच्या जादा वेळेत गमावली. केल्सी मिचेल, अलिया बॉस्टन आणि ऐनवेळी आलेल्या इतरजणींनी भार वाटून घेतला. तारका आली म्हणून लोक आले. तारका बसली तरी संघ उभा राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तसे असणे हेच संघाच्या प्रकृतीचे लक्षण होय.

यातून एक मुद्दा निघतो, तो नीट ध्यानी घ्यावा. जबाबदारीची वाटणी ही तारकेवरील पट्टी आहे असे समजले जाते. वस्तुतः ती तिचे संरक्षण आहे. प्रत्येक अवघड चढाई एकीलाच करावयास लावणारा संघ तिचा गौरव करीत नसतो, तिचा गुडघा झिजवीत असतो. हाच न्याय चळवळीतील एकमेव वक्त्याला, एकमेव हिशेबनीसाला आणि प्रत्येक मोर्चाच्या अग्रभागी चालणाऱ्या एकमेव कार्यकर्तीलाही लागू आहे.

पडद्याआडच्या जबाबदारीचे मोल किती असते, हे जाकार्ताने २०१८ साली दाखवले. आशियाई खेळांत महिला कबड्डी २०१० साली आली. त्या वर्षी आणि २०१४ साली भारताने सुवर्णपदक मिळविले. इराणला आधी कांस्य, मग रौप्य मिळाले. २०१८ च्या अंतिम सामन्यात मात्र इराणने भारताला २७-२४ असे हरविले. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी खेळाडूंशी बोलण्यापुरती फारसी शिकून घेतली, सरावात योगासने व श्वसनाचे व्यायाम आणले. मैदानात त्यांनी एकही चढाई केली नाही आणि एकही पकड केली नाही. तरीही त्या विजयातील त्यांचा वाटा कुणी नाकारणार नाही. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगचौ येथे भारताने चिनी तैपेईला २६-२५ असे नमवून सुवर्णपदक परत आणले. त्या एका गुणाच्या आघाडीवर कुणा एकीचे नाव कोरता येईल काय?

येथवर झाला मैदानातील हिशेब. मैदानाबाहेरचा हिशेब मात्र फार विषम आहे, आणि खरा लढा तेथे आहे. पुरुषांची व्यावसायिक लीग २०१४ पासून चालू आहे. महिलांसाठी त्याच आयोजकांनी २०१६ साली तीन संघांची स्पर्धा भरवली. एका संघाचे नेतृत्व मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते. अंतिम सामना २४-२३ असा, अवघ्या एका गुणाने सुटला. खेळाच्या चुरशीत काही उणे नव्हते. तरीही ती स्पर्धा पुढे चालू राहिली नाही. महिलांच्या संघात तारका आणि इतरजणी यांच्यातील तफावतीची चर्चा होते तेव्हा हे विसरता कामा नये की पुरुषांच्या लिलावातील एका बोलीत महिलांचे कैक संघ वर्षभर पोसले गेले असते.

मार्च २०१२ मध्ये पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक झाला. भारताने इराणला २५-१९ असे हरवले. त्या संघातील महाराष्ट्राच्या तिघींना, म्हणजे सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे यांना, राज्य शासनाने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. तिघींना समान रक्कम दिली, हे योग्यच झाले. पण बक्षीस आणि वेतन यांत मूलभूत भेद आहे. बक्षीस जिंकल्यावर मिळते. वेतन जिंकण्यापूर्वीची दहा वर्षे पोटाला आधार देते. बक्षीस शिखरावर पोहोचलेल्या तिघींना मिळते. वेतनाअभावी पायथ्याशीच खेळ सोडून देणाऱ्या तीनशेजणींची नोंदही होत नाही. आजवर महिला खेळाडूंना जो थोडाफार स्थिर आधार मिळाला तो प्रामुख्याने रेल्वे, पोलीस, बँका यांच्या नोकऱ्यांचा, म्हणजे सार्वजनिक क्षेत्राचा. त्या क्षेत्रातील कायम जागा आटत चालल्या की पहिला घाव याच मुलींवर पडतो.

अमेरिकेतील बास्केटबॉलपटूंची गोष्ट येथे पुन्हा उपयोगी पडते. त्यांची संघटना १९९८ पासून आहे आणि पगाराचे टप्पे सामुदायिक कराराने ठरतात. म्हणूनच क्लार्कसारख्या खेळाडूलाही पहिल्या वर्षी ठरल्याप्रमाणे ७६,५३५ डॉलरच मिळाले. जाहिरातींचे उत्पन्न वेगळे. जुलै २०२५ मध्ये नव्या कराराची बोलणी अडली असता निवडक खेळाडूंच्या सामन्यापूर्वी सर्वजणी एकाच मजकुराचा सदरा घालून मैदानात उतरल्या. आमचे देणे आम्हाला द्या, अशा अर्थाचा तो मजकूर होता. ज्यांना वाटाघाटीची वैयक्तिक गरज सर्वांत कमी होती अशा तारकाही त्या रांगेत होत्या. प्रसिद्धीचा याहून चांगला उपयोग नाही.

हे सारे कुरुळीत का सांगावयाचे? कारण येथून चाकणपर्यंत आणि तिकडे मोशी-भोसरीपर्यंत पसरलेल्या कारखान्यांत उत्पादन होते ते साखळीनेच. एका ठिकाणचा हात थांबला की पुढची सारी रांग थांबते. तरीही त्याच रांगेत कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे राहून वेगवेगळ्या मोलाने राबतात, आणि गौरवाच्या फलकावर महिन्याला एकाचेच छायाचित्र लागते. छायाचित्राला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की आजारपणात, अपघातात, बाळंतपणात ‘बाद’ झालेल्या माणसाला क्रमाने परत आणण्याचा नियम त्या रांगेत आहे काय? कबड्डीत तो आहे. कारखान्यात तो संघटनेलाच मिळवावा लागेल.

आणि एक निकडीचे काम. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक आकारावरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. खर्च करताना कंपनीच्या कामाच्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असेही कायदा सांगतो. या पट्ट्याने जमीन दिली, पाणी दिले, माणसे दिली. तेव्हा ही मागणी भिक्षेची नव्हे. परंतु मागावयाचे काय, हे नीट ठरवावे. एका तारकेचा सत्कार, कंपनीच्या नावाची ढाल आणि एक दिवसाची स्पर्धा एवढ्यावर समाधान मानू नये. मागावे ते असे : गावोगावच्या मुलींच्या संघांना बारमाही प्रशिक्षक आणि त्या प्रशिक्षकाला नियमित मानधन, बाराही खेळाडूंना, म्हणजे राखीव पाचजणींनाही, समान मासिक भत्ता, गुडघ्याच्या व खांद्याच्या दुखापतीचा विमा, सायंकाळच्या सरावासाठी दिवे आणि पाळीवरून सुटणाऱ्या मुलींना घरी पोहोचविणारे वाहन. ग्रामसभेत असा ठराव मांडण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे, आणि तो मुलींनी स्वतः मांडला तर अधिक बरे.

मार्च २०२५ मध्ये तेहरानला आशियाई अजिंक्यपद जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार महाराष्ट्राची सोनाली शिंगटे होती. अशा आणखी सोनाली घडतील काय, हे त्यांच्या अंगच्या गुणांवर जितके अवलंबून आहे तितकेच त्यांच्याबरोबर सरावाला उभ्या राहणाऱ्या इतरजणी किती काळ टिकतात यावर आहे. त्या इतरजणींची तरतूद आधी व्हावी.