खातरजमा

आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या गाड्यावर कोथिंबिरीच्या जुड्यांमागं जेवणाच्या डब्याएवढा एक स्पीकर ठेवलेला असतो. गिऱ्हाइकानं फोनवरून पैसे पाठवले की तो स्पीकर मराठीत ओरडून सांगतो, इतके रुपये मिळाले. एकदा मी घाईत होतो. साठ रुपये पाठवले आणि फोनचा पडदा मावशींपुढं धरला. हिरवी खूण स्पष्ट दिसत होती. मावशींनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "थांबा भाऊ, माझं बोलू द्या."

'माझं' म्हणजे त्यांचा स्पीकर. तो बोलला, मग पिशवी माझ्या हातात आली. खोटं कशाला सांगू, मला थोडा राग आला. पंचवीस वर्षांची ओळख, आणि साठ रुपयांसाठी माझ्यापेक्षा या डबड्यावर विश्वास! मावशींच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी सांगितलं की महिन्यापूर्वी त्यांच्या भावाच्या गाड्यावर एका पोरानं अशीच हिरवी खूण दाखवली, बाराशे रुपयांचे आंबे नेले, आणि खात्यात एक पैसा आला नाही. अशी खोटी खूण काढून देणारी अॅप्स निघालेली आहेत. "पडदा तुमचा असतोय भाऊ," मावशी म्हणाल्या, "आवाज माझा."

मावशींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. मी बी. ए. झालेला. पण या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पुरावा ज्याच्या हातात आहे त्याच्याच सोयीचा तो असणार, म्हणून दुसऱ्या बाजूनं आलेली खबर ऐकायची. न्यायालयात याहून वेगळं काय करतात?

ही फोनवरची देवघेव, म्हणजे यूपीआय, २०१६ साली सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी आली आणि लोक नाइलाजानं तिच्याकडं वळले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार या मार्गानं झाले. यातला फार थोडा विश्वास पुस्तकं वाचून आलेला असेल. बाकीचा असा गाड्या-गाड्यावर, आवाज ऐकत ऐकत बसलेला आहे. फसवणूकही तिथंच शिरते. किती तरी जणांनी पैसे 'मिळवण्यासाठी' म्हणून आपला पिन टाकला आणि खातं रिकामं करून घेतलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. एवढं एक वाक्य प्रत्येक पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, असं मला वाटतं.

आपल्या मराठीत 'खातरजमा' असा एक सुंदर शब्द आहे. तो फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आला. खातिर म्हणजे मन, जमा म्हणजे गोळा झालेलं, एका जागी आलेलं. खातिरजमा म्हणजे मनाचं स्वस्थ असणं, निर्धास्त असणं. उर्दूत आजही तो याच अर्थानं वापरतात. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ थोडा सरकला. आपण म्हणतो, "आधी खातरजमा करून घ्या", म्हणजे तपासून घ्या. मला हे सरकणं फार आवडतं. कुणा कारकुनाच्या, कुणा सावकाराच्या ध्यानात आलं असेल की मन आपोआप स्वस्थ होत नाही, त्याच्या आधी चार ठिकाणी विचारावं लागतं. मावशींनी माझ्यावर अविश्वास दाखवला नव्हता. त्यांनी खातरजमा केली होती.

मी मात्र ती केली नाही, आणि त्याची किंमत मोजली. ती गोष्ट सांगतो.

२००३ साली माझ्या कवितांची एक वही मी आमच्या गावातल्या डीटीपीच्या दुकानात नेऊन दिली. चाळीस कविता होत्या. त्यातल्या नऊ अम्मीवर, ती गेल्यानंतरच्या दोन महिन्यांत लिहिलेल्या. दुकानातल्या मुलानं त्या मन लावून टाइप केल्या, मी प्रुफं तपासली, आणि त्यानं मला एक चकचकीत सीडी दिली. म्हणाला, "सर, ही शंभर वर्षं टिकती." प्रकाशक काही मिळाला नाही. पुढं घर बदलताना वही रद्दीत गेली. कुणी चुकून टाकली असं नाही, मीच दिली. सीडी आहे की, असा माझा हिशेब. त्या सीडीत नेमकं काय आहे, ते कुठल्या भाषेत लिहिलेलं आहे, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. याला विश्वास म्हणायचं की आळस, हे मला आजही ठरवता येत नाही.

दहा-अकरा वर्षांनी एका संपादकांनी कविता मागितल्या. मी सीडी घातली. दोन फायली होत्या. एक उघडलीच नाही. दुसरी उघडली, आणि पडद्यावर उलटे स्वल्पविराम, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि पौंडाची चिन्हं यांची एक रांगोळी दिसली. जणू कुणी माझ्या कविता अज्ञात लिपीत कोरून ठेवल्या होत्या.

झालं होतं असं की त्या काळी बहुतेक दुकानांतला संगणक मराठी जाणतच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं चढवलेली असत. वरून 'अम्मी' दिसे, पोटात मात्र भलतीच चिन्हं साठवली जात. तो फाँट त्या संगणकावर आहे तोवर सगळं ठीक. फाँट गेला की चित्रांचा मुखवटा गळून पडे. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकेक पक्का क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आली होती, आणि तिच्यात देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. पण आमच्या गावातल्या त्या दुकानापर्यंत ती पोचायला बरीच वर्षं जावी लागली. १९९१ ते माझी सीडी, या मधल्या काळात मराठीत जे जे टाइप झालं, त्यातलं किती आज वाचता येत असेल? पतसंस्थांचे अहवाल, शाळांची हस्तलिखितं, वारलेल्या माणसांची आत्मचरित्रं...

तो डीटीपीवाला मुलगा आता पोक्त माणूस झाला आहे आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्यानं कुठून तरी जुन्या फाँटचं युनिकोड करणारं एक साधन मिळवलं. कविता आल्या, पण जखमी होऊन आल्या. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं होतं, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. न उघडणाऱ्या फायलीचं त्यालाही काही करता आलं नाही. मग तो माळ्यावर चढला आणि धुळीनं भरलेला एक गठ्ठा घेऊन खाली आला. त्यात माझी काही प्रुफं होती, माझ्याच लाल शाईतल्या खुणांसकट. "टाकवत नव्हती सर," म्हणाला. चाळिसातल्या चौतीस कविता अशा परत मिळाल्या. उरलेल्या सहांतली एक अम्मीवरची आहे. ती रमजानमध्ये पहाटे रेडिओच्या वेळेवर भिंतीवरचं घड्याळ लावून घ्यायची, त्याबद्दलची. सुरुवातीच्या पाच-सहा ओळी मला आठवतात. शेवट आठवत नाही. नवा लिहून बघितला, पण तो शेवट आता लिहिणाऱ्या माणसाचा होतो, तेव्हाच्या मुलाचा होत नाही.

संगणकावर आपण डोळे मिटून विसंबलो तर आपलंच नुकसान होतं. पण एखादी कचेरी तशी विसंबली तर? 'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे. मी समोर उभा असतो, चेहरा तोच, अंगठा तोच, पण खिडकीपलीकडचा भला माणूस सांगतो, "काका, मला कळतंय हो, पण सिस्टिम घेत नाही." पूर्वी साहेब जागेवर नसत. ते निदान उद्या तरी येत.

हे फक्त आपल्याकडंच चालतं असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या टपाल खात्यानं १९९९ पासून आपल्या छोट्या पोस्टांत हॉरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली. पोस्ट चालवणारी माणसं सांगत होती, आम्ही पैसे घेतले नाहीत. मदतीच्या फोनवर त्यांतल्या अनेकांना सांगितलं गेलं, असं फक्त तुमच्याकडंच होतंय. संगणक उलट सिद्ध होईपर्यंत बरोबरच चालतो असं तिथला कायदा धरून चालत होता. नऊशेहून अधिक माणसं चोरी आणि अफरातफरीच्या आरोपांखाली दोषी ठरली. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टचालक महिलेला २०१० साली गर्भवती असताना तुरुंगात जावं लागलं. २०१९ साली न्यायालयानं त्या प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं, २०२१ मध्ये सीमा मिश्रांसह एकोणचाळीस जणांची शिक्षा रद्द झाली, आणि बाकीच्यांसाठी २०२४ साली खास कायदा करावा लागला. मधल्या वीस वर्षांत काही जणांनी जीव दिला होता. प्रत्येक पोस्टात एक जिवंत माणूस खरं बोलत होता, आणि त्याचं ऐकायला पलीकडं कुणी नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर जाहीरपणे बोललेलो नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथं आले होते, बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत फोनाफोनांवर फिरत होते. त्यांच्यातल्या एकानं एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असं नंतर बातम्यांत आलं. जमावानं त्या पाचही जणांना ठेचून मारलं.

त्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरची दोन माणसं रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात, एवढंच तिच्यात दिसे. ती मूळ कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी केलेली फिल्म होती. पुढं ती माणसं मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कुणी तरी कापून टाकला होता. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचं जाहीर केलं. एकाच वेळी पाच जण म्हणजेसुद्धा गाव पेटवायला पुरे आहेत, पण ते असो.

डवरी गोसावी आमच्या दारावर मी लहान असल्यापासून येत. अम्मी त्यांना जोंधळे घालायची. त्यांना ओळखायला आम्हाला फोनची गरज नव्हती. आणि तरीही त्या जूनमध्ये 'मुलांना सांभाळा, टोळी आली आहे' हा निरोप माझ्या फोनवर आला, तेव्हा मी तो पुढं पाठवला होता. ज्यानं मला पाठवला तो माझा जवळचा मित्र, शाळेत शिक्षक. मी निरोपावर विश्वास ठेवला नव्हता, मित्रावर ठेवला होता. त्यानंही तसाच कुणावर तरी ठेवला असणार. वर वर शोधत गेलं तर शेवटी कुणीच सापडत नाही, आणि तरी प्रत्येक पायरीवर एक ओळखीचा, भला माणूस उभा असतो. फोनवर येणाऱ्या खोट्याची खरी ताकद ही आहे. ते अनोळखी तोंडानं येत नाही.

राईनपाड्याची बातमी वाचली त्या सकाळी मी फोन उघडला. सात जणांना पाठवला होता. पुसून टाकायची मुदत केव्हाच संपलेली. सातांपैकी सहांच्या निरोपापुढं निळ्या खुणा होत्या, म्हणजे वाचून झालेला. मी एकेकाला फोन लावला. कुणी म्हणालं, मी वाचून सोडून दिला. कुणाला आठवतच नव्हता. शेवटी लातूरकडं दिलेल्या मावसबहिणीला लावला. तिला सगळं सांगितलं, टोळी वगैरे काही नव्हती म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"तुमचा होता म्हणून मी बी पुढं पाठवला की, भाईजान," ती म्हणाली.

कुणाकुणाला, असं मी विचारलं. तिनं गावातल्या दोन बचतगटांची नावं सांगितली. बाकीची तिला आठवत नव्हती.