न्यायबुद्धी आणि सहृदयता : शिक्षकाच्या स्वभावाचा विचार
(कराड तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात आणि पुढे एकच प्रवाह होऊन पूर्वेकडे वळतात. मनुष्याच्या मनातही असे दोन प्रवाह असतात. एक न्यायबुद्धीचा, दुसरा सहृदयतेचा. त्यांचा संगम प्रत्येकाच्या ठायी सारखा होत नाही. कोणाचा एक प्रवाह भरून वाहतो, तर कोणाचा दुसरा. शिक्षकाच्या बाबतीत हा भेद केवळ कुतूहलाचा विषय नव्हे; त्याच्या निर्णयावर एखाद्या बालकाचे सारे शालेय जीवन अवलंबून असू शकते.

एक प्रसंग कल्पावा. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आहे. ऊसतोडीसाठी दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील एक मुलगा चौथीच्या वर्गात नुकताच दाखल झाला आहे. एके दिवशी गावातील एका मुलाची रंगपेटी नाहीशी होते आणि ती या नव्या मुलाच्या दप्तरात सापडते. वर्ग चिडीचूप होतो आणि सर्वांचे डोळे गुरुजींकडे लागतात. गुरुजींनी काय करावे?

एक शिक्षक म्हणेल, ‘नियम सर्वांना सारखा. चोरी ती चोरीच.’ दुसऱ्याला त्या मुलाचा उतरलेला चेहरा पाहवणार नाही. तो पेटी परत देऊन विषय तेथेच मिटवील. तिसरा फारशी चिकित्सा न करता शाळेसाठी रंगपेट्या मिळविण्याच्या खटपटीला लागेल. हे तिघेही सज्जनच आहेत. भेद आहे तो स्वभावाचा. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिप्रकारांवरील आपल्या ग्रंथात विचारप्रधान आणि भावनाप्रधान असा भेद मांडला. त्यात एक मर्म आहे. युंग यांच्या मते भावना म्हणजे केवळ मनाचा उमाळा नव्हे. तीही मोलाची पारख करणारी शक्तीच आहे. म्हणून विचारी मनुष्य निर्दय आणि भावनाशील मनुष्य अविचारी, ही समजूत टाकून दिली पाहिजे.

याची साक्ष कराडच्या परिसरातच मिळते. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली येथून जवळच असलेल्या टेंभू गावी झाला. जे बुद्धीला पटेल तेच बोलावे आणि तेच आचरावे, हा त्यांचा बाणा. १८८८ साली ‘सुधारक’ पत्र काढून त्यांनी रूढींवर कठोर प्रहार केले. विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते ढळले नाहीत. परंतु या कठोर तर्काच्या मुळाशी होते काय? बालविधवांचे दुःख! परक्याची वेदना त्यांना तत्त्वाच्या वाटेने भिडत असे. अखेरच्या आजारात आपल्या उत्तरक्रियेचा भार पत्नीवर पडू नये म्हणून त्यांनी त्या खर्चाचे पैसे वेगळे बांधून ठेवले होते. ज्या टिळकांशी त्यांचा तीव्र मतभेद झाला, त्यांनाही १८९५ साली आगरकरांवरील मृत्युलेख लिहिताना अश्रू आवरले नाहीत.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. कराड तालुक्यातील काले येथे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांची सहृदयता कृतीतून बोलत असे. विषमता अन्यायकारक आहे एवढे सांगून ते थांबले नाहीत. सर्व जातींच्या मुलांना त्यांनी एका वसतिगृहात, एका पंक्तीला बसविले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, प्रत्यक्ष मंगळसूत्रही मोडले. मुले भुकेली आहेत, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

तिसरे उदाहरण साने गुरुजींचे. अमळनेरच्या छात्रालयात मुलांची सेवा करणारे हे कोमल मन. पण १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. कोमलता म्हणजे दुर्बलता नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. तर्काने, कृतीने आणि प्रेमाने चालणाऱ्या या तीन वाटा एकाच ठिकाणी पोचल्या.

बालकांचा नीतिविचारही पायरीपायरीने वाढतो. जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारला होता. एका मुलाच्या हातून नकळत पंधरा कप फुटले. दुसऱ्याचा, चोरून खाऊ घेताना, एकच फुटला. अधिक दोषी कोण? लहान मुले बहुधा पंधरा कपांकडे पाहत. मोठी मुले हेतूकडे. पुढे लॉरेन्स कोलबर्ग यांनी न्यायाच्या कल्पनेवर नीतिविकासाच्या पायऱ्या रचल्या. १९८२ साली कॅरल गिलिगन यांनी त्यावर आक्षेप घेतला की, आस्था आणि परस्परसंबंधांची जपणूक हाही नीतीचा तितकाच खरा आवाज आहे. दोन्ही आवाज ऐकणारा कान शिक्षकाला हवा.

प्रत्येक स्वभावात एक धोका दडलेला असतो. तत्त्वनिष्ठ शिक्षक नियम पाहतो आणि मूल विसरतो. कर्तबगार शिक्षक सोय करतो, पण मुलाच्या मनातील सल तसाच राहतो. भावनाशील शिक्षकाचा धोका अधिक सूक्ष्म आहे. सहानुभूती ओळखीच्या माणसाकडे आधी धावते. गावातील मुलाचे रडणे ऐकू येते. चार महिन्यांनी निघून जाणाऱ्या परक्या मुलाचे मौन ऐकू येत नाही. तेथे सहृदयतेला न्यायाचा आधार लागतो.

म्हणून त्या वर्गातील गुरुजींनी प्रथम आपला कल ओळखावा आणि घटकाभर थांबावे. मुलाला एकांतात विचारावे; कारण आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही, पेटी दुसऱ्या कोणी ठेवलेली असू शकेल. घेतली असेल, तर का घेतली हे समजून घ्यावे. चूक झाली असेल तर ती त्याच्याच हातून दुरुस्त करवून घ्यावी. कारण नुसती दया दाखविली तर त्याचा स्वाभिमान उणा होतो. ज्याची पेटी गेली त्याच्याही दुःखाची दखल घ्यावी. आणि शेवटी स्वतःला विचारावे : हेच गावातील प्रतिष्ठित घरच्या मुलाने केले असते, तर निर्णय हाच असता काय?

स्वभाव बदलणे कोणाच्याही हाती फारसे नसते. परंतु आपल्यात जे उणे आहे ते शेजारच्या वर्गातील सहकाऱ्याकडून घेता येते. कठोर गुरुजींनी मृदू बाईंना विचारावे आणि बाईंनी गुरुजींना. एका शाळेत निरनिराळ्या स्वभावांचे शिक्षक असतात, हे त्या शाळेचे भाग्यच समजावे.

हंगाम संपला की ते कुटुंब आपल्या गावी परत जाईल. तो मुलगा येथून काय घेऊन जाईल? चोर हा शिक्का, की आपले म्हणणे कोणी तरी ऐकून घेतले ही आठवण? याचे उत्तर शिक्षकांच्याच हाती आहे.